न दिसणाऱ्याचें चित्र

भयानक हा नवरसांपैकीं एक रस आहे, ह्याचा आपणांपैकीं पुष्कळांस विसर पडलेला दिसतो. शृंगार, वीर, करुण ह्यांची चर्चा सुशिक्षित घरांतून आवडीनें चालते. परंतु भयानकाचें नांव निघालें कीं वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतात आणि 'तसलीं पुस्तकें' एवढा शेरा मारून मोकळी होतात. वास्तविक नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं भय हा स्थायी भाव मानून त्यापासून भयानक रसाची निष्पत्ति सांगितली, त्याचा वर्ण कृष्ण ठरविला आणि कालास त्याची देवता नेमिलें. ज्या रसास मुनींनीं वर्ण आणि देवता दिली, त्यास पंक्तीबाहेर बसविण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

हा विषय आज घेण्याचें कारण असें कीं, आमच्या एका स्नेह्यांची कन्या चित्रकलेचें शिक्षण घेत आहे, आणि परदेशच्या नामांकित लेखकांच्या भयकथांपैकीं एखादी घेऊन तिची चित्रकादंबरी करावी असें तिच्या मनांत आहे. ज्यास इंग्रजींत 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणतात तोच हा प्रकार. त्यांत पानाच्या चौकटी पाडून कथा मुख्यतः चित्रांनीं सांगितलेली असते. शब्द लागतील तेवढेच, तेहि बहुधा पात्रांच्या तोंडचे. स्नेही स्वतः वाङ्मयाचे व्यासंगी. त्यांनीं मुलीपुढें दोन आक्षेप ठेविले. शब्दांनीं उत्पन्न केलेलें भय चित्रांत मरतें, हा पहिला. आणि असलीं चित्रें गृहस्थाच्या घरांत असूं नयेत, हा दुसरा. ह्यावरून घरांत बरीच वादावादी होऊन मुलीनें कागद गुंडाळून ठेविले आहेत, असें आम्हांस कळलें. एका होतकरू मुलीचें काम थांबावें इतके हे आक्षेप बळकट आहेत काय, ह्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिला आक्षेप सामान्य नाहीं. आनंदवर्धनाचार्यांनीं नवव्या शतकांत ध्वन्यालोक लिहून असें प्रतिपादिलें कीं, काव्याचा आत्मा नुसत्या वाच्यार्थांत नसून ध्वनींत, म्हणजे सुचविलेल्या अर्थांत असतो. भयास तर हा नियम विशेषच लागू पडतो. अंधाऱ्या माजघरांत कांहीं तरी हललें, एवढेंच सांगितलें तर उरलेलें काम ऐकणाराचें मन करितें. काय हललें हें सांगून टाकलें कीं निम्मी भीति ओसरते. 'भित्यापाठीं ब्रह्मराक्षस' ही आपली म्हण हेंच सांगते, कीं ब्रह्मराक्षस मनांतून निघतो. नाट्यशास्त्रकारांनींहि वध, युद्ध असल्या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशक-विष्कंभकांच्या द्वारें कळवाव्या, असा दंडक घातला. चित्रकार मात्र दाखविण्यासाठींच बसलेला. त्याच्यापुढें पेंच असा कीं, न दाखवावें तर चित्र कशाचें, आणि दाखवावें तर भय कोठें उरलें?

ह्या पेंचाचें एक उत्तर जुन्या कथेंतच सांपडतें. एम. आर. जेम्स (१८६२–१९३६) हे केंब्रिजचे गाढे पंडित. मध्ययुगीन हस्तलिखितें हा त्यांचा व्यासंगाचा विषय. नाताळच्या दिवसांत किंग्ज कॉलेजांत मित्रमंडळी जमवून ते स्वतः रचिलेल्या पिशाच्चकथा वाचून दाखवीत. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहांत 'द मेझोटिंट' नांवाची कथा आहे. मेझोटिंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलें एका जातीचें चित्र. विद्यापीठाच्या संग्रहासाठीं चित्रें मिळविणाऱ्या एका गृहस्थांकडे जुन्या वाड्याचें असें एक साधेंसुधें चित्र येतें. प्रथम पाहावें तों त्यांत विशेष कांहींच नाहीं. रात्रीं पाहतात तों वाड्यासमोरच्या हिरवळीवर एक आकृति हातापायांवर रांगत चालली आहे. पुढें पाहतात तों आकृति नाहीं, पण तळमजल्याची एक खिडकी उघडी आहे. मग ती परत निघालेली दिसते, आणि तिच्या हातांत मूल आहे. चित्र हलतांना कोणींच पाहिलेलें नाहीं. दोन वेळांच्या पाहण्याच्या मध्यें जें घडलें तें भयंकर, आणि तें कोणत्याहि चित्रांत नाहीं.

आतां चित्रकादंबरी म्हणजे तरी दुसरें काय? एका चौकटींत वाडा, दुसऱ्या चौकटींत उघडी खिडकी, आणि मध्यें बोटभर कोरी पट्टी. लिआ मूर व जॉन रेपिअन ह्यांनीं २०१६ सालीं जेम्सच्या कांहीं कथांचें चित्ररूपांतर प्रसिद्ध केलें, त्यांत ही कथा आहे. एकेक कथा निराळ्या चित्रकारानें काढली आहे. ह्या कोऱ्या पट्टीचें मर्म स्कॉट मॅक्लाउड ह्या अमेरिकन चित्रकारानें १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत फार मार्मिकपणें उलगडून दाखविलें आहे. एका चौकटींत कुऱ्हाड उगारलेली, पुढच्या चौकटींत शहरावर घुमणारी किंकाळी. तर घाव कोणीं घातला? चित्रकारानें नव्हे, तो वाचकानेंच मनांत घातला. ध्वनि-ध्वनि म्हणतात तो येथें कोऱ्या कागदावर येऊन बसला आहे. शिवाय पान उलटणें ही एक युक्ति चित्रकाराच्या हातीं असते. डावीकडून उजवीकडे वाचावयाच्या पुस्तकांत उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटींत दार किलकिलें झालेलें दाखवावें, आणि दारामागचें काय तें पान उलटल्यावर. वाचकाचा हात त्या क्षणीं जो थबकतो, तो शब्दांच्या पुस्तकांत क्वचितच थबकतो. जपानी पुस्तकें उजवीकडून वाचतात, तेथें हाच हिशेब उलटा.

तेव्हां चित्रासहि न सांगण्याची विद्या साधतें, हें निर्विवाद. पण ती साधणें सोपें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एडगर ॲलन पो ह्याची १८४३ सालची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा पाहा. इनमीन दोन हजारांच्या आसपास शब्दांची कथा. एक मनुष्य एका वृद्धाचा खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखालीं पुरतो, आणि शिपाई घरीं आले असतां त्या मेलेल्याच्या काळजाचे ठोके ऐकूं येऊन स्वतःच कबुली देतो. सबंध कथा खुन्याच्याच तोंडची, आणि 'मी वेडा नाहीं' हा त्याचा एकच धोशा. वाचकाची भीति नेमकी ह्यांत आहे कीं, तो त्या मनुष्याच्या मस्तकाच्या आंत कोंडला गेला आहे. आतां एखाद्या चित्रकारानें पहिल्याच पानावर डोळे गरगरा फिरविणारा, केस पिंजारलेला वेडा काढला, तर खटला सुनावणीपूर्वींच निकालांत निघाला! असलीं रूपांतरें पुष्कळ झालीं आहेत, आणि त्यांच्यापुरता आमच्या स्नेह्यांचा आक्षेप खरा आहे.

परंतु अर्जेंटिनाचे चित्रकार आल्बेर्तो ब्रेचिया (१९१९–१९९३) ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हीच कथा काढली, ती निराळ्या रीतीनें. नुसतें काळें आणि पांढरें, मधली छटा नाहीं. चौकटीमागून चौकट जवळ जवळ तीच, केसभर फरक केलेली. शब्द मंदगतीनें जें करितात, तें त्यांनीं ह्या पुनरावृत्तीनें केलें. चौकटी ठोक्यासारख्या पडूं लागतात आणि वाचणाराची छाती त्यांच्या तालावर येते.

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) ह्या अमेरिकन लेखकाची गोष्ट ह्याहून अवघड. अमुक एक वस्तु वर्णनापलीकडची आहे, असें सांगण्यांतच त्याचें अर्धें कौशल्य. त्याच्या १९२७ सालच्या 'द कलर आउट ऑफ स्पेस' ह्या कथेंत एका शेतकऱ्याच्या आवारांत उल्का पडते, आणि तिच्याबरोबर असा एक रंग येतो कीं जो मनुष्यास ठाऊक असलेल्या कोणत्याच रंगांत बसत नाहीं. फळें टपोरीं धरतात पण तोंडीं घालवत नाहींत. गुरेंढोरें व माणसें करडीं पडून झिजून जातात. आतां हा रंग काढावा कसा? २०१९ सालीं ह्या कथेवर चित्रपट निघाला, त्यांत पडद्यावर कांहीं तरी रंग आणणें भागच होतें; तो गुलाबी-जांभळा आला, म्हणजे आपल्या ओळखीचाच निघाला. उलट जपानी चित्रकार गोउ तानाबे ह्यांनीं तीच कथा काळ्या शाईनें काढली. पानावर रंग नाहींच, त्यामुळें तो अपूर्व रंग जेथें असावा तेथेंच, वाचकाच्या कल्पनेंत, शाबूत राहिला. साधनाची उणीव हेंच येथें सामर्थ्य ठरलें. ब्रेचियांनींहि लव्हक्राफ्टच्या कथा काढल्या आहेत; त्यांत त्यांनीं चिकटविलेले कागद, डाग, ओरखडे ह्यांचा उपयोग करून राक्षसांस पुरता आकारच येऊं दिला नाहीं, कारण तो आकार प्रत्येक वाचकानें आपापल्या भीतीनें पुरा करावा अशी त्यांची इच्छा होती. भरतमुनींनीं भयानकाचा वर्ण कृष्ण सांगितला, ह्यांत केवळ संकेत नसून कांहीं अनुभव असला पाहिजे, असें हीं पानें पाहतांना आमच्या मनांत येतें.

भयकथा म्हणजे भूतपिशाच्चच असलें पाहिजे असें मात्र नव्हे. शर्ली जॅक्सन ह्या लेखिकेची 'द लॉटरी' ही कथा २६ जून १९४८ च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत आली. उन्हाळ्याची प्रसन्न सकाळ. लहानशा गांवचे लोक चौकांत जमले आहेत. एका जुन्या काळ्या पेटींतून चिठ्ठ्या काढावयाच्या आहेत. पेटीचा रंग उडाला आहे, कड मोडली आहे, तरी नवी पेटी कोणी करीत नाहीं. चिठ्ठी ज्या बाईच्या नांवें निघते, तिला शेजारीपाजारीच दगडांनीं मारितात. ही चाल कां पडली, हें आतां कोणासहि नीट सांगतां येत नाहीं. कथा छापली जातांच त्या उन्हाळ्यांत लेखिकेकडे तीनशेंवर पत्रें आलीं, आणि बहुतेक पत्रें गोंधळलेल्या अथवा संतापलेल्या वाचकांचीं होतीं. पुढें २०१६ सालीं ह्या कथेची चित्रकादंबरी झाली, ती लेखिकेच्या नातवानें, माइल्स हायमन ह्यानें केलेली. त्यानें काळोखावर सारी भिस्त ठेविली नाहीं. ऊन, झाडें, स्वच्छ कपडे घातलेले सभ्य स्त्रीपुरुष हेंच त्यानें रंगविलें. मूळ कथेंत ह्या लोकांचीं नांवेंच काय तीं आहेत. चेहरे जवळ जवळ नाहींत. चित्रांत प्रत्येकास चेहरा द्यावाच लागतो, आणि ते चेहरे आपल्या ओळखीचे निघतात! येथें चित्रानें भय मारिलें नाहीं, उलट घराजवळ आणिलें. आपल्या पणजीच्या काळीं विधवेचें केशवपन करविणारे लोकहि प्रेमळ, सोज्ज्वळ आणि शेजारधर्म जाणणारेच होते. काळी पेटी प्रत्येक समाजाच्या माळ्यावर असते. ती कोणीं तरी खालीं काढून उजेडांत दाखविली म्हणून त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं.

आतां दुसरा आक्षेप. त्यास आपल्या शास्त्राचा आधार आहे, हें आम्ही प्रथमच मान्य करितों. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत मार्कंडेय ऋषि वज्र राजास चित्रविद्या सांगतात. तेथें चित्राचे नऊ रस सांगून असा नियम दिला आहे कीं, राहत्या घरांत शृंगार, हास्य आणि शांत ह्या तीनच रसांचीं चित्रें असावीं. भयानक-बीभत्सादि इतर रसांस राजसभा व देवालयें हींच स्थानें. परंतु हा नियम भिंतीवरच्या चित्राचा आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. भिंतीवरचें चित्र आपण पाहिलें नाहीं तरी तें आपणांस पाहत असतें. बाळंतिणीस, आजाऱ्यास, झोपेंतून दचकलेल्या मुलास तें टाळतां येत नाहीं. पुस्तक मिटतां येतें, फळीवर ठेवितां येतें, आणि ज्यास तें सोसत नाहीं त्याच्या हातीं न देतांहि येतें. ऋषींच्या नियमाचा हेतु घरांतल्या दुर्बळांचें रक्षण हा आहे. तो हेतु संभाळला कीं नियम पाळल्यासारखाच आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या उशाशीं अशीं पुस्तकें नसावींत, ह्यांत दुमत नाहीं. पण स्नेह्यांची कन्या आठ वर्षांची नव्हे.

सरसकट बंदी घातल्यानें काय होतें, हें अमेरिकेनें अनुभविलें आहे. १९५० च्या सुमारास तेथें भयंकर चित्रकथांच्या मासिकांस ऊत आला. त्यांत ओंगळ माल पुष्कळ होता, ह्यांत शंका नाहीं. १९५४ सालीं सेनेटच्या उपसमितीपुढें ह्याची चौकशी झाली, आणि त्याच वर्षीं प्रकाशकांनीं आपण होऊन एक नियमावलि करून रक्तपिपासु पिशाच्चें, चालतीं प्रेतें, नरमांसभक्षण इत्यादि सर्व निषिद्ध ठरविलें. ओंगळ गेलें, त्याबरोबर चांगलेंहि गेलें. पुढें १९७१ सालीं ती नियमावलि सैल करितांना जी सवलत दिली, ती आमच्यासारख्या शाळामास्तरास मौजेची वाटते. पो, साकी, कॉनन डॉइल इत्यादि ज्या मान्यवर लेखकांच्या कृति शाळांतून वाचल्या जातात, त्यांच्या वळणावर पिशाच्चें काढण्यास हरकत नाहीं, असें ठरलें! म्हणजे सतरा वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं, भय वाईट नसून भिकार भय वाईट. २०११ सालीं उरलेल्या प्रकाशकांनींहि ती नियमावलि सोडून दिली.

मुलीनें एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. कथा दुसऱ्याची आहे, हें विसरूं नये. १९५२ सालीं अमेरिकेंतील एका चित्रकथामासिकानें रे ब्रॅडबरी ह्या लेखकाच्या दोन कथा न विचारतां एकत्र करून छापल्या. ब्रॅडबरींनीं भांडण न करितां एक गोड पत्र लिहिलें, कीं हक्काचे पन्नास डॉलर पाठवावयाचे आपल्याकडून नजरचुकीनें राहून गेलेले दिसतात. प्रकाशकांनीं पैसे पाठविले, आणि पुढें वीसांहून अधिक कथांचीं रूपांतरें परवानगीनें व लेखकाचें नांव देऊन झालीं. पो, जेम्स, लव्हक्राफ्ट ह्यांच्या कथा आपल्या देशांत आज सर्वांस मोकळ्या आहेत. परंतु उद्यां ती मुलगी नारायण धारप (१९२५–२००८) किंवा रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्याकडे वळली, आणि वळावें असें आम्हांस वाटतें, तर त्यांच्या वारसांची परवानगी घेतली पाहिजे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें हक्क चालतो, आणि रूपांतराचा हक्क त्यांतच येतो. म्हणजे धारपांच्या कथांवर २०६८ अखेर आणि मतकरींच्या कथांवर २०८० अखेर तो राहणार.

चित्ररूपांतरास आम्ही टीकाग्रंथाचें स्थान देतों. मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिली म्हणून रघुवंश वाचण्याचें कोणीं सोडलें नाहीं. आणि नुसती टीका वाचून मूळ काव्य न वाचणारा आपलाच तोटा करून घेतो. टीका लिहितांना मल्लिनाथानें स्वतःस दोन बंधनें घालून घेतलीं: मुळांत आधार नाहीं तें लिहावयाचें नाहीं, आणि नको असलेलें बोलावयाचें नाहीं. हींच दोन बंधनें त्या मुलीनें आपल्या चित्रफळ्याच्या वर लिहून ठेवावीं. प्रत्येक चौकटीपाशीं तिनें स्वतःस विचारावें कीं, हें लेखकानें सांगितलेलें आहे, सुचविलेलें आहे, कीं लपविलेलें आहे? सांगितलेलें काढावें, सुचविलेलें दोन चौकटींच्या मध्यें ठेवावें, आणि लपविलेल्यास हात लावूं नये. एवढें पाळलें तर तिच्या वडिलांचा पहिला आक्षेप तिचा शत्रु न राहतां गुरु होईल.

आणि वडिलांनीं, तसेंच अशीं पुस्तकें ज्यांच्या घरीं येऊं लागलीं आहेत त्या सर्व वाचकांनीं, क्रम तेवढा संभाळावा. एकदां दुसऱ्याचें चित्र डोळ्यांत बसलें कीं आपलें स्वतःचें चित्र पुन्हां उभें राहत नाहीं. हें नुकसान भरून निघणारें नाहीं. म्हणून आधीं मूळ कथा रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोठ्यानें वाचावी, जाणत्या मुलांस जवळ घ्यावें, आणि कोणास काय दिसलें हें प्रत्येकास विचारावें. एकास दिसलेलें दुसऱ्यास दिसलेलें नसतें, असें आढळून येईल. मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चांगलें ऊन पडल्यावर, चित्रांचें पुस्तक उघडावें आणि चित्रकारास काय दिसलें तें पाहावें.